अक्काचा जप

अक्का, सगळे तुला फार मोठी भक्त समजून बसले आहेत.

तेराव्याला पानं वाढून झाल्यावर भटजींनी चार शब्द सांगितले. संसारात राहून असा नेमानं जप करणारी बाई घराला लाभली, हे या घराचं भाग्य, असं म्हणाले. तुझा लेक गुरुराज डोळे पुसत होता. कोप्पीकर रोडच्या तुमच्या कापडदुकानातली जुनी माणसं हात जोडून उभी होती. मी मान खाली घालून पानावरचं मीठ उगीच नीट करत बसले. तू शेजारी असतीस तर आपण एकमेकींकडे बघायचं टाळलं असतं. बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं, आणि एके काळी तुला हसू परवडत नव्हतं.

माझी नातवंडं, निहार आणि मैत्रेयी, दोघांनी फोनवर सांगितलं, आजी, अक्काआजीबद्दल काहीतरी लिहून पाठव, आम्हांला यायला जमलं नाही. त्यांच्या आठवणीतली तू म्हणजे हुबळीच्या घरी मागच्या सोप्यात माळ घेऊन डोळे मिटून बसलेली आजी, जिच्यासमोरून पळायचं नाही आणि मोठ्यानं बोलायचं नाही. परदेशात बसून ती दोघं एवढंच घेऊन राहिली तर मला चालणार नाही. तू म्हणायचीस, नले, तुझ्या डोक्यातसुद्धा कप्पे आहेत. आहेत खरे. त्यातल्या एकात खोटं ठेवून मला स्वस्थ बसता येत नाही. हे सांगायला तुझी परवानगी नाही, तेही मला माहीत आहे. आपला तो वाद संपायच्या आतच तू उठून गेलीस.

आधी तू येणं बंद केलंस. हुबळीहून बसनं धारवाडच्या सप्तापूरला यायचं, माझ्याकडे जेवायचं, ऊन उतरल्यावर परत जायचं, हा तुझा किती वर्षांचा शिरस्ता. तो सुटला. कधी गुडघे, कधी ऊन, कधी दुकानात गर्दी. देवळात जाणं सुटलं, भजनी मंडळ सुटलं. हौसेनं पांढऱ्या, मोतिया रंगाच्या साड्या नेसणारी तू गडद, बारीक चौकड्यांच्या इरकली नेसायला लागलीस. लोक म्हणाले, भाऊजी गेल्यापासून अक्कांचं मन उडालं. मला वाटलं, आईच्या पाटल्यांवरून मी काहीतरी बोलले होते, त्याचा राग धरलास. मी फोनवर तुसडेपणानं बोलत राहिले, तू ऐकून घेत राहिलीस.

मग कलघटगीला आपल्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. तिथं न जाऊन चालणार नव्हतं. आपण एका गाडीतून गेलो. सकाळपासून तू पाण्याचा घोट घेतला नव्हतास. मी बाटली पुढे केली की नुसती मान हलवायचीस. अक्षता पडल्या, आहेर झाले, आणि बायकांनी नवऱ्यामुलाच्या काकांना उखाण्याचा आग्रह केला. ते बिचारे जुळवत जुळवत शेवटापर्यंत आले आणि ऐन वेळी बायकोचं नाव विसरले. काकू मागून म्हणाल्या, "राहू दे हो, दुसरीचं घ्या." सगळा हॉल हसला. तूही हसलीस, तोंडाला पदर लावून, लहानपणी हसायचीस तशी. आणि अर्ध्यातच थांबलीस.

पंगत मांडायला खुर्च्या उचलायला लागले. एकेक बाई उठली. तू उठेनास. मी दोनदा म्हटलं, चल. तू मला जा म्हणालीस. आता इथंही मानपान काढते की काय, असं मनात आलं आणि मी तुझा हात धरला. तेव्हा तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "नले, मला उठवू नकोस."

मला कळलं. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम कळलं.

मी माझी शाल तुझ्या कमरेभोवती गुंडाळली, खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली, आणि तुझ्या मागे अगदी लागून चालत तुला वधूच्या खोलीत नेलं. नुकतीच मिळालेली आहेराची साडी पिशवीतच होती. तू तीच नेसून बाहेर आलीस, ब्लाऊज एका रंगाचा, साडी भलत्याच. वहिनींनी बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या आहेराची साडी अक्कांनी लगेच नेसली," म्हणून त्या पंगतीभर सांगत फिरल्या. एवढा मान हल्ली कोण देतं, म्हणाल्या. तू जिलेबीचा तुकडा मोडत राहिलीस.

परतीच्या वाटेवर आपल्याला बोलता आलं नाही. गाडी चालवणारा मराठीही जाणायचा आणि कानडीही, आणि तुझ्या-माझ्यात चोरून बोलायला तिसरी भाषा नव्हती. सप्तापूरला माझ्या स्वयंपाकघरात आलो तेव्हा तू उभ्या उभ्याच बोललीस. गुरुराजच्या वेळेपासून शिंकलं, खोकलं की थोडं व्हायचंच. पाळी गेल्यावर वाढलं. आता तर दाराला किल्ली लावली की तेवढाही दम निघत नाही, बाथरूमपर्यंत पोचायच्या आत वाट लागते. आपण दोघी त्याला 'ते' म्हणत होतो. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, शब्दांना कधी घाबरले नाही, पण सख्ख्या बहिणीशी बोलताना 'लघवी' हा शब्द माझ्याही तोंडातून निघेना.

"बाईच्या जातीला असतंच ते," तू म्हणालीस. "आईला नव्हतं होय?"

आईला होतं. शेवटची काही वर्षं ती देवघराच्या उंबऱ्याबाहेरच बसायची आणि आपल्याला वाटायचं, वडील गेल्यावर तिचा देवावर रुसवा आहे.

डॉक्टरकडे चल म्हटलं तर तू कानडीत शिरलीस. लाज वाटली की तू नेहमी कानडीत शिरायचीस. इरली बिडु, म्हणालीस. राहू दे, सोड. मी सोडलं नाही. शेवटी एका अटीवर तयार झालीस, डॉक्टर धारवाडची पाहिजे. हुबळीत प्रत्येक डॉक्टरीणबाई आपल्या दुकानाची गिऱ्हाईक आहे आणि तिला मी साडी कशी दाखवू, हा तुझा प्रश्न होता. घरी आपण सांगितलं, नलूचे डोळे तपासायचेत, सोबतीला जाते.

ती डॉक्टर आपल्या मुलांच्या वयाची. तुला कानडीत अव्वा म्हणाली, आईला म्हणतात तसं. तिनं इतक्या सरळपणानं विचारलं की तुला लाजायला वेळच मिळाला नाही. खोकताना, हसताना, कळशी उचलताना जातं, की जोराची लागून पोचेपर्यंत थांबत नाही? तू म्हणालीस, दोन्ही. बऱ्याच जणींना दोन्ही असतं, ती म्हणाली. लघवी तपासली, साखर तपासली, आतून तपासलं, खोकायला लावलं. मग कागदावर चित्र काढून समजावलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, मूत्राशय त्या झोळीवर टेकलेलं. बाळंतपणं, वाढतं वय, वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, यांनी ती झोळी सैल पडते. पाळी गेल्यावर तिथली त्वचाही कोरडी, नाजूक होते. हे दुखणं आहे, अव्वा, वय नव्हे, एवढं ती दोनदा म्हणाली. सैल झालेले स्नायू पुन्हा घट्ट करता येतात. पाणी तोडायचं नाही, कारण दाट लघवी मूत्राशयाला आणखी टोचते. चहा मात्र कमी. जोराची लागली की धावायचं नाही, जागच्या जागी उभं राहून आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग सावकाश जायचं. बद्धकोष्ठावर औषध, कोरडेपणावर मलम. एवढ्यानं भागलं नाही तर गोळ्या आहेत, आत बसवायची रिंग आहे, लहानशी शस्त्रक्रियाही आहे, पण आधी व्यायाम. तो शिकवायला तिनं फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. वारा आणि लघवी एकदम रोखतो तसं आत ओढून धरायचं, हळू सोडायचं, श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. एका बैठकीत दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने.

तू सगळ्यात एकच प्रश्न विचारलास. हे करताना बाहेरून कुणाला दिसतं का?

काहीच दिसत नाही, असं त्या बाई म्हणाल्या. तुझा चेहरा उजळला.

पण तुमच्या घरात बाईमाणसाला रिकामं बसायची सोय नव्हती. भिंतीला टेकून दोन मिनिटं डोळे मिटलेस की तीन जण विचारायचे, अक्का, बरं नाही का? म्हणून तू देवघरातली तुळशीची माळ काढलीस. एका मण्याला आवळायचं, पुढच्या मण्याला सोडायचं. गुरुराजनं बघितलं आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. घर दबक्या पावलानं चालायला लागलं. वर्षानुवर्षांत तुला जी शांतता कुणी दिली नव्हती ती माळेनं एका दिवसात मिळवून दिली.

मला ते आवडलं नव्हतं. देवाच्या नावाखाली असलं काही करू नये, मी म्हणाले. तू शांतपणे माळ पिशवीत घातलीस.

"हे शरीर त्यानंच केलंय की. त्याला काय माहीत नाही होय, मी काय करते ते?"

आणि मग म्हणालीस, दहा वेळाच करायचं असतं ना, त्याला लागतील तेवढे सुरुवातीचे मणी माझे, उरलेले देवाचे. मेरूमणी ओलांडायचा नाही, एवढा नियम मी पाळते.

पहिले काही आठवडे काही फरक पडला नाही. तू चिडलीस, मला आणि त्या डॉक्टरला एकाच वाक्यात बोललीस, आणि तरी माळ सोडली नाहीस. मग एक दिवस सकाळी तुझा फोन आला. मी भाजी निवडत होते. तू म्हणालीस, "नले, मी शिंकले."

"मग?"

"मग काही नाही."

त्या 'काही नाही'वर आपण दोघी किती वेळ हसलो. हसूनही काही झालं नाही, असं तू मध्येच सांगितलंस आणि आपण पुन्हा हसलो.

मुलांनी हे वाचताना चमत्कार समजू नये, म्हणून लिहिते. सगळंच गेलं नाही. खोकल्या-शिंकेचं बरंच थांबलं. एकदम जोराची लागायची ते मात्र चिवट निघालं. त्यासाठीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं म्हणून तू त्या परस्पर बंद केल्यास, मी रागावले, मग डॉक्टरनं दुसऱ्या दिल्या. लांबच्या प्रवासात शेवटपर्यंत पिशवीत एक पॅड असायचं. पण तू बसनं सप्तापूरला यायला लागलीस. भजनात परत बसलीस. आणि एका गुरुवारी माझ्या फाटकातून मोतिया रंगाची साडी नेसून आत आलीस. चहा अर्धाच घेतलास.

त्यानंतर आपला वाद सुरू झाला. मी म्हणत होते, जे तुला कळलं ते निदान सुनेला सांग. सुनंदाची दोन बाळंतपणं झालीत, दिवसभर दुकान आणि घर करते, उद्या तिलाही लागेल. भजनातल्या बायकांना सांग. तू म्हणायचीस, भजन सोडून मी आता ह्याचं प्रवचन करू? मी म्हणायचे, एकीनं तोंड उघडल्याशिवाय दुसरीला कळणार कसं. शेवटचं भांडण माझ्या मागच्या पायरीवर झालं. शेंगा फोडत बसलो होतो. मी जरा जास्तच बोलले. आजार लपवलास ते समजू शकते, म्हटलं, पण औषधही लपवतेस?

तू फोलपटं पदरातून झाडलीस. "सून आहे ती, नले. लेक नव्हे. उद्या भांडण झालं की हेच तोंडावर फेकेल."

मग इरली बिडु म्हणून उठलीस, बस धरलीस. त्यानंतर आपलं फोनवर गुडघ्यांबद्दल आणि भाजीच्या भावांबद्दल बोलणं झालं, ह्याबद्दल झालं नाही. आणि मग एका पहाटे गुरुराजचाच फोन आला.

तेराव्याच्या जेवणानंतर पाहुणे पांगले तेव्हा सुनंदा मला मागच्या सोप्यात घेऊन गेली. तुझी माळ तिच्या हातात होती. मावशी, तुम्ही आता घरातल्या मोठ्या, तुमची परवानगी असेल तर ही मी घेऊ का, म्हणाली. मी घे म्हटलं. ती जाईना. मग विचारलं, अत्तींचा मंत्र कुठला होता? सासूला ती अत्तीच म्हणते, अजूनही, तू असल्यासारखी.

मी म्हटलं, मंत्र कशाला गं तुला?

तिनं दार लोटून घेतलं. वर्षभर गच्चीवर जाऊन मीही जप करते, म्हणाली, पण माझी भक्ती कमी पडते. अत्तींना गुण आला तसा मला येत नाही. कसला गुण, असं मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, तुम्हांला म्हणून सांगते. अत्ती परकर रोज स्वतः धुवायच्या आणि दोरीवर साडीच्या घडीत लपवून वाळत घालायच्या. मी बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. बाथरूमचा दिवा रात्री मीच चालू ठेवायची. त्यांच्या वाटेतलं स्टूल मी काढलं, सगळ्यांना सांगितलं, मला ठेच लागते. मग त्यांनी माळ घेतली आणि महिन्या-दोन महिन्यांत दोरीवरचे परकर कमी झाले. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, आपणही जप करायचा.

"मला धाकट्याच्या वेळेपासून आहे, मावशी. दुकानात कापडाचं ठाण उचललं की होतं. मी सोमवार धरले, पाणीसुद्धा तोडलं. देव त्यांचं ऐकतो, माझं ऐकत नाही."

अक्का, तू म्हणाली होतीस, भांडणात तोंडावर फेकेल. तुमची भांडणं काय कमी झाली? फोडणीवरून झाली, चाव्यांवरून झाली, तिच्या माहेरावरून झाली. फेकायला तिच्याकडे हे इतकी वर्षं होतं. तिनं ते मुठीत झाकून ठेवलं. तू तिच्यापासून लपवत होतीस आणि ती तुझ्यापासून, आणि मधल्या एका भिंतीच्या दोन बाजूंना तुम्ही दोघी एकच दुखणं काढत होतात. ती देवाजवळ उपाशी राहून, तुझ्यासारखी भक्ती मागत होती.

तुझ्या इच्छेचा मी विचार केला. खरंच केला. माळ तिच्या हातात, तुझा फोटो आतल्या खोलीत, त्यापुढचा दिवा दाराच्या फटीतून दिसत होता. मग मी म्हटलं, "सुनंदा, मंत्र नव्हता."

आणि सगळं सांगितलं. कलघटगी, आहेराची साडी, माझे डोळे तपासायला नेणं, झोळीचं चित्र, पहिले मणी आणि उरलेले मणी. या खेपेला 'ते' म्हटलं नाही. लघवी म्हटलं, दोनदा-तीनदा. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटत होतं, आणि आला असता तरी तो तिचा हक्क होता. पण तिला आठवलं बहुतेक, सगळं घर टीव्ही बंद करून, पोरांना दटावून, तुझ्यापुढं कसं हात जोडून जायचं ते. ती हसायला लागली. तेराव्याच्या दिवशीचं हसू, आवरेना. आणि एकदम दाराची चौकट धरून, पाय आवळून उभी राहिली. चेहरा पांढरा.

मी तिचा हात धरला. म्हटलं, हालू नकोस. आत ओढ. श्वास कोंडू नकोस. आता हळू सोड.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. "थोडंच झालं," म्हणाली. आणि मग तुझ्यासाठी रडली, सगळ्या लोकांत रडली नव्हती तशी.

आठवड्याभरातच तिला त्या डॉक्टरकडे नेलं. या वेळी माझे डोळे तपासायला नाही. गुरुराजला सुनंदानं स्वतः सांगितलं. त्यानं आधी ठाणं उचलणं बंद करायला लावलं, आणि मग दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. आईनं मला का नाही सांगितलं, असं त्यानं मला विचारलं. मग तू आईला कधी विचारलंस का, हे मी त्याला विचारलं नाही. तुझा मुलगा आहे, तेवढं तुझ्यासाठी राखलं.

मैत्रेयी, निहार हे वाचतील. मैत्रेयीला कधीतरी लागेल, आणि निहारला त्याच्या घरातल्या कुणासाठी तरी. म्हणून लिहिलं. तू रागावली असशील तर रागाव. कानडीत शिरून रागाव, मला समजेल.

परवा तुझ्या मासिक श्राद्धाला हुबळीला गेले होते. जेवणं झाल्यावर सुनंदा तुझ्या जागी सोप्यात बसली, माळ घेतली. धाकट्यानं तिला बघितलं आणि सवयीनं टीव्ही बंद केला. घर गप्प झालं, तू असताना व्हायचं तसं. सुनंदा डोळे न उघडता म्हणाली, "चालू दे रे टीव्ही. जप नव्हे हा, माझा व्यायाम आहे. जप मागाहून."

त्यानं टीव्ही लावला. क्रिकेटचा आरडाओरडा घरभर झाला. त्या आवाजात ती एकेक मणी ओढत राहिली, आणि तिचे झाल्यावर, न थांबता, उरलेले तुझ्यासारखेच देवाला देत गेली.